नवी स्प्रिंगटेल सापडली असं वाटतंय? ओळख पटवण्यापासून नाव देण्यापर्यंत

सूक्ष्मदर्शकाखाली एखादी स्प्रिंगटेल, म्हणजे माती-पाचोळ्यातला सहा पायांचा चिमुकला प्राणी, येते, हाताशी असलेल्या ओळखसारणीत (लक्षणांवरून जाती ओळखायच्या तक्त्यात) ती कुठेच बसत नाही, आणि लगेच मनात येतं, 'ही नवी दिसतेय.' आनंद व्हायलाच हवा. पण त्या क्षणी आपल्याला एवढंच कळलेलं असतं, की आपल्याजवळच्या सारणीत ती नाही. जगात स्प्रिंगटेलच्या नऊ हजारांहून जास्त जातींना आजवर नावं मिळाली आहेत. त्यांतल्या एकीशीही आपली जुळत नाही हे दाखवून दिलं, की मगच ती नवी ठरते. प्राणी गोळा करायला एक दुपार पुरते, तुलनेला कधी कधी दोन-दोन वर्षं लागतात. या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी त्याचा क्रम इथे मांडला आहे.

आधी शब्दांचा एक खुलासा. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सरसकट वापरतात, त्यामुळे घोळ होतो. या लेखात 'जाती' म्हणजे स्पीशीज, 'वंश' म्हणजे जीनस, 'कुळ' म्हणजे फॅमिली आणि 'गण' म्हणजे ऑर्डर.

ही स्प्रिंगटेलच आहे ना?

सहा पाय आहेत म्हणून स्प्रिंगटेलना बराच काळ कीटकांत धरलं जात असे. आता त्यांना कीटकांच्या शेजारचा, पण वेगळा गट मानतात. तोंडाचे अवयव डोक्याच्या आत खिशात ठेवल्यासारखे दडलेले असतात, पोटाला सहाच वलयं असतात, पंख कधीच येत नाहीत. पोटाखाली दुमडून ठेवलेला बेचक्यासारखा काटा, म्हणजे फर्का, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं लक्षण. तो चौथ्या उदरवलयावर असतो आणि तिसऱ्या वलयावरच्या इवल्याशा आकड्यात अडकलेला असतो. आकडा सुटला की काटा जमिनीवर आपटतो आणि प्राणी उडतो. मात्र मातीत खोल राहणाऱ्या कितीतरी जातींमध्ये फर्का आखूड झालेला किंवा पार नाहीसा झालेला असतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. पहिल्या उदरवलयाच्या खालून निघणारी जाडसर पोटनळी मात्र सगळ्यांना असते. 'कोलेम्बोला' हे गटाचं नाव तिच्यावरूनच आलं. एकोणिसाव्या शतकात जॉन लबक यांनी ते दिलं, ग्रीक भाषेतले 'डिंक' आणि 'खुंटी' या अर्थांचे दोन शब्द जोडून. ही नळी चिकटून राहण्यासाठी असावी असं तेव्हा वाटत होतं. शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल राखणं हे तिचं मुख्य काम असल्याचं पुढे कळलं.

फसवणारे शेजारी बरेच आहेत. पांढऱ्या, मऊ डिप्लुरांना मागे दोन शेपट्या असतात. प्रोटुरांना शृंगिकाच, म्हणजे डोक्यावरच्या मिशाच, नसतात. फुलकिडे लांबट असतात आणि मागच्या टोकाला निमुळते होतात. पोटनळी पाहिलीत की यांतलं कुणीच तुम्हाला फसवणार नाही.

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या खडकात सापडलेली ऱ्हायनिएला प्रिकर्सर ही स्प्रिंगटेल सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची आहे. तिचं वर्णन १९२६ साली झालं. जमिनीवरच्या सहा पायांच्या प्राण्यांच्या सगळ्यात जुन्या जीवाश्मांत तिची गणना होते. हा गट किती जुना आहे हे मनात असलं, की दोन जातींमधला फरक कधी कधी एकाच रोमाइतका का असतो आणि तोही मानावा का लागतो, हे समजायला सोपं जातं.

गोळा करताना

जिथे गोळा करणार तिथल्या परवानग्या आधी घ्या. नवी जाती प्रसिद्ध करताना नमुने रीतसर मिळवलेले असावे लागतात. दुसऱ्या देशात पाठवायचे असतील तर जैविक नमुन्यांच्या वापराबद्दलच्या, २०१४ साली लागू झालेल्या नागोया कराराखालचे त्या त्या देशाचे नियमही बघावे लागतात. हे काम पुढे ढकललं तर सगळा अभ्यास तयार असूनही प्रकाशन अडून राहतं.

पालापाचोळा आणि माती यांतून स्प्रिंगटेल काढायची जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे बर्लीझ-टुलग्रेन फनेल. जाळीवर पाचोळा, वर दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. वरून माती तापून सुकत जाते तसे प्राणी ओलाव्याच्या ओढीने खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. अंतोनिओ बर्लीझ यांनी १९०५ मध्ये असं यंत्र केलं तेव्हा उष्णता गरम पाण्याची होती. दिव्याची सुधारणा आल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये केली. दिवा फार प्रखर ठेवू नका. माती झपाट्याने सुकली तर मऊ अंगाच्या, हळू चालणाऱ्या जाती खाली पोहोचायच्या आधीच मरतात, आणि नव्या जाती बहुधा याच मंडळींत दडलेल्या असतात. सालीखाली, शेवाळावर, दगडाखाली दिसणाऱ्या स्प्रिंगटेल तोंडाने हवा ओढायच्या नळीने, म्हणजे ॲस्पिरेटरने, किंवा अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने उचलाव्यात.

जिवंत प्राण्याचा फोटो शक्य असेल तेव्हा घ्याच. अल्कोहोलमध्ये रंग उतरतात. खवले असलेल्या जातींची चकाकी खवल्यांमुळे असते, आणि ते खवले हाताळणीत झडतात. वर्णनात 'जिवंतपणी रंग' अशी एक ओळ लिहायची असते आणि ती नंतर कुठूनही भरून काढता येत नाही.

नमुने दोन बाटल्यांत वाटा. एक ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये, थंड जागी, डीएनएसाठी. दुसरी ७० ते ८० टक्क्यांत, शरीररचनेसाठी. तीव्र इथेनॉलमध्ये प्राणी ताठ होतात आणि शृंगिका मोडतात, तर सौम्य इथेनॉलमध्ये डीएनए टिकत नाही. त्यांच्या त्वचेवर पाणी ठरत नसल्यामुळे सौम्य अल्कोहोलमध्ये त्या वर तरंगतात. बाटली किंचित कोमट केली किंवा आधी तीव्र अल्कोहोलमध्ये बुडवून घेतल्या तर त्या खाली बसतात.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, आणि पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, अधिवास, पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव. अधिवास लिहिताना 'जंगल' एवढ्यावर थांबू नका. 'पडलेल्या खोडाच्या सालीखाली, ओलसर' असं लिहिलं तर दुसऱ्या माणसाला तिथे जाऊन तीच जाती पुन्हा शोधता येते.

आणि एकच प्राणी सापडला असेल तर थांबा. पुन्हा त्याच जागी जा. दोन्ही लिंगांचे प्रौढ आणि थोडी पिल्लं असा किमान दहा-वीस प्राण्यांचा संच हाती असल्याशिवाय मी स्वतः वर्णनाला हात घालत नाही. एका प्राण्यावरून त्या प्राण्याचं वर्णन होतं. जातीचं वर्णन करायचं तर तिच्यात किती फरक पडतो हे ठाऊक असावं लागतं. खोल गुहांसारख्या जागी, जिथे पुन्हा पोहोचणंच दुरापास्त असतं, तिथे अपवाद करावा लागतो. २०१२ साली वर्णन झालेली प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिस ही स्प्रिंगटेल पश्चिम काकेशसमधल्या क्रुबेरा-वोरोन्या गुहेत तोंडापासून १,९८० मीटर खोलीवर मिळाली होती. अशा जागेवरच्या नमुन्यांची संख्या आपण ठरवू शकत नाही.

स्लाइड: इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं

साध्या भिंगाखाली गट पाडून झाले, की प्रत्येक गटातले काही प्राणी पारदर्शक करायचे आणि स्लाइडवर चढवायचे. फिकट प्राण्यांना कोमट लॅक्टिक आम्ल पुरतं. गडद रंगाच्या प्राण्यांना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाची थोडी गरज पडते, पण काही मिनिटं जास्त झाली तरी त्वचा लिबलिबीत होते आणि रोम सुटतात. सतत बघत राहा, रंग उतरला की लगेच काढा, पाण्यात धुवा.

चढवायचं माध्यम म्हणून बहुतेक जण हॉयरचं मिश्रण वापरतात: अरबी डिंक, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि पाणी. त्यात रोम सुरेख उठून दिसतात. क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि अनेक देशांत त्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे ते घरी करायच्या भानगडीत पडू नये. शिवाय या माध्यमातल्या स्लाइड वर्षानुवर्षांनी सुकतात, त्यात स्फटिक धरतात. कडा नीट बंद करणं म्हणूनच महत्त्वाचं.

एकाच बाजूने सगळे प्राणी चढवू नका. सुरुवातीच्या काळात एका संचातले सगळेच्या सगळे प्राणी मी पाठ वर करून चढवले. पाठीवरचे रोम छान दिसले, पण खालच्या ओठाचे आणि पोटनळीचे रोम एकाही स्लाइडवर मोजता येईनात. ते मोजायला पुढचा हंगाम यावा लागला. तेव्हापासून माझा नियम असा: काही पाठीवर, काही पोटावर, एक-दोन कुशीवर, आणि निदान दोघांची डोकी, पाय आणि फर्का वेगळे काढून त्याच स्लाइडवर, वेगळ्या कव्हरस्लिपखाली. दोन प्राण्यांचे तुकडे एका स्लाइडवर कधीही येऊ देऊ नका. नंतर कुठला पाय कुणाचा हे सांगता येत नाही आणि ती स्लाइड वर्णनासाठी निरुपयोगी ठरते.

फेज कॉन्ट्रास्ट असलेला सूक्ष्मदर्शक आणि शंभर पटींची, तेलात बुडवायची भिंग ही किमान गरज. ही सोय नसेल तर एखाद्या प्रयोगशाळेत आठवडाभर बसायची परवानगी मागा. साध्या प्रकाशात गुळगुळीत रोम आणि बारीक काटेरी रोम यांतला फरक दिसत नाही, आणि पुढची कितीतरी ओळख त्याच फरकावर उभी असते.

गण, कुळ, वंश

गण चार आहेत आणि ते पटकन ओळखता येतात. अंग लांबट आणि छातीचं पहिलं वलय पाठीवरून स्पष्ट दिसतंय, त्यावर रोम आहेत, तर पोड्युरोमॉर्फा. अंग लांबट पण पहिलं वलय लहान होऊन त्यावर रोम नाहीत, तर एन्टोमोब्रायोमॉर्फा. अंग गोल गोटीसारखं, वलयं एकमेकांत मिसळलेली आणि शृंगिका डोक्यापेक्षा लांब, तर सिम्फिप्लिओना. तशाच गोल पण अगदी चिमुकल्या, डोक्यापेक्षा आखूड शृंगिकांच्या, त्या नीलिप्लिओना.

कुळासाठी पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या वलयांची लांबी बघा. एन्टोमोब्रायिडी कुळात चौथं वलय तिसऱ्यापेक्षा बरंच लांब असतं, आयसोटोमिडी कुळात ती साधारण सारखी असतात. खवले आहेत का, प्रत्येक बाजूला किती नेत्रिका, म्हणजे सुटे बारीक डोळे, आहेत (जास्तीत जास्त आठ), शृंगिकेच्या मागचा संवेदनअवयव आहे का आणि त्याला किती पाकळ्या आहेत, फर्काच्या टोकाच्या तुकड्याला किती दात आहेत, एवढ्यावर वंशाच्या जवळ पोहोचता येतं. उदाहरणार्थ, लेपिडोसिर्टस वंशात त्या टोकाला दोन दात आणि बुडाशी एक काटा असतो, तर खवले असलेल्याच सायरा वंशात ते टोक कोयत्यासारखं वळलेलं असतं आणि बुडाशी काटा नसतो.

रोमांचा नकाशा

इथून खरं काम सुरू होतं. मला या विषयाची ओढ लागली तीही इथेच.

स्प्रिंगटेलच्या अंगावरचे रोम वाट्टेल तसे उगवलेले नसतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि जवळच्या वंशांमध्ये त्याच जागा पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणून प्रत्येक रोमाला पत्ता दिला आहे. वलयावर पुढची, मधली आणि मागची अशा तीन ओळी धरतात. त्यांना अनुक्रमे ए, एम, पी ही अक्षरं. मधल्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला १, २, ३ असे आकडे. म्हणजे 'पी ३' म्हणजे मागच्या ओळीतला, मध्यरेषेपासून तिसरा रोम. कुणी कुठेही बसून ही खूण लिहिली तरी दुसऱ्याला ती त्याच रोमापाशी नेते.

रोमांचे प्रकारही पाहायचे. मोठे जाड रोम, लहान साधे रोम, खोलगट खोबणीतून निघणारे लांब नाजूक रोम, आणि बोथट टोकाचे संवेदी रोम. जातींमधले फरक मोठ्या रोमांच्या मांडणीत वारंवार सापडतात. हे मोठे रोम स्लाइड करताना गळतातही, पण त्यांची खोबण उरते आणि ती इतर रोमांच्या खोबणीपेक्षा मोठी असते. तेव्हा रोम दिसला नाही म्हणून 'नाही' लिहू नका, खोबणी मोजा.

खालच्या ओठाच्या बुडाशी रोमांची एक ओळ असते. तिच्यातल्या रोमांना एम, आर, ई, एल १, एल २ अशी नावं आहेत. रोम काटेरी असेल तर मोठं अक्षर आणि गुळगुळीत असेल तर लहान अक्षर लिहायची पद्धत आहे. ही एवढीशी ओळ कित्येक जाती वेगळ्या करते. ऑनिकियुरिडी कुळातल्या पांढऱ्या, आंधळ्या जातींच्या अंगावर गोल छिद्रासारखे ठिपके असतात, त्यांना स्यूडोसेली म्हणतात. धोका वाटला की तिथून बचावाचा द्रव बाहेर येतो. त्यांची संख्या सूत्राने लिहितात. समजा सूत्र ३२/१३३/३३३४३ आहे, तर डोक्यावर पुढे ३ आणि मागे २, छातीच्या वलयांवर १, ३, ३, आणि पोटाच्या पहिल्या पाच वलयांवर ३, ३, ३, ४, ३, असं एका बाजूचं वाचायचं.

पायाची नखी विसरू नका. मोठ्या नखीला आतून किती दात, ते किती अंतरावर, लहान नखीची कड गुळगुळीत की करवतीसारखी, वरचा चिकट रोम टोकाला पसरट की टोकदार. हे सगळं मोजमापात लिहा, आणि मोजमापं गुणोत्तरात द्या: शृंगिका डोक्याच्या किती पट, फर्काच्या तीन तुकड्यांचं एकमेकांशी प्रमाण किती. प्राणी वाढतो तशी लांबी बदलते, गुणोत्तर त्या मानाने स्थिर राहतं.

चित्र स्वतः काढा. सूक्ष्मदर्शकाला जोडायची रेखाटननळी मिळाली तर उत्तम, नाहीतर चौकटीच्या कागदावर. फोटो पुरावा म्हणून घ्याच, पण फोटोत एकच पातळी स्पष्ट येते. काढताना हात थांबतो, 'इथे एक रोम असायला हवा होता' हे ध्यानात येतं, आणि फोकस खालीवर केला की तो सापडतो. डावी-उजवी दोन्ही बाजू काढा. एखादा रोम एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला नसतो, असं सर्रास घडतं. दहा प्राण्यांपैकी किती जणांत तो आहे, हे आकड्यात लिहा.

तुलना, आणि तीत लागणारे सापळे

आता वंशातल्या सगळ्या ज्ञात जातींची यादी करा. कोलेम्बोलांची जागतिक यादी इंटरनेटवर उपलब्ध आहे, सुरुवात तिथून होते. पण यादी म्हणजे नावं. प्रत्येक जवळच्या जातीचं मूळ वर्णन मिळवून वाचावं लागतं. जुनी वर्णनं कधी कधी चार ओळींची असतात: रंग, लांबी, नखीचे दात, बस. अशा वेळी संग्रहालयातला मूळ नमुना बघणं किंवा त्याचे फोटो मागवणं हाच मार्ग. नमुना हरवला असेल तर मूळ ठिकाणी जाऊन तीच जाती नव्याने गोळा करावी लागते. अनेक संग्रहालयांचे अभिरक्षक मनापासून मदत करतात. प्रश्न नेमका विचारा: 'तुमच्या नमुन्यात पोटाच्या दुसऱ्या वलयावर मोठे रोम किती आहेत?' अशा प्रश्नाला उत्तर येतं.

मग एक तक्ता करा. आडव्या ओळीत जाती, उभ्या रकान्यात लक्षणं. ज्या जातीचा एखादा रकाना रिकामा राहतो, तीच तुमची जाती असण्याची शक्यता अजून खोडलेली नसते. हा तक्ता पूर्ण होईपर्यंत 'नवी' हा शब्द वापरू नये असं मला ठामपणे वाटतं.

सापळे अनेक आहेत. पहिला, पिल्लं. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला मूळचे थोडेच रोम असतात, पुढच्या प्रत्येक कात टाकण्यात आणखी येतात. पिल्लाची तुलना प्रौढाच्या वर्णनाशी केली तर ते हमखास नवी जाती 'निघतं'. प्रौढ ओळखायला पाचव्या उदरवलयावरचं जननछिद्र पूर्ण झालं आहे का ते बघा. लिंगांतही फरक असतो. सिम्फिप्लिओनांतल्या काही नरांच्या शृंगिका मादीला धरण्यासाठी आकड्यासारख्या झालेल्या असतात.

दुसरा सापळा ऋतूचा, आणि तो फार शिकवणारा आहे. स्प्रिंगटेल प्रौढ झाल्यावरही आयुष्यभर कात टाकतात, त्यामुळे काही जातींचं रूप हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळं दिसतं. १८९३ साली वर्णन केलेली आयसोटोमा हिमॅलिस आणि १९०० साली वर्णन केलेली आयसोटोमा म्युक्रोनाटा या एकाच जातीच्या दोन ऋतूंतल्या अवस्था आहेत, हे आर्ने फ्येलबर्ग यांनी १९७६ मध्ये दाखवलं. पाऊणशे वर्षं दोन नावं चालू राहिली. शक्य असेल तर आपल्या जागेवरून दोन ऋतूंत नमुने आणा.

तिसरा सापळा गुहेचा. अंधारात राहणाऱ्या, एकमेकींशी जवळचं नातं नसलेल्या जातींतही रंग जातो, डोळे कमी होतात, शृंगिका आणि नख्या लांबतात. साम्य अधिवासाचं असतं, ते नात्याचं समजू नये. चौथा, माणसाबरोबर फिरणाऱ्या जातींचा. कुंडीतल्या मातीतून, रोपांबरोबर स्प्रिंगटेल एका खंडातून दुसऱ्यात जातात. म्हणून स्थानिक सारणीत नाही म्हटल्यावर दूरच्या खंडांच्या जातीही तपासायच्या.

डीएनए किती ऐकावं

माइटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा ओळखीसाठी वापरतात. त्वचा शाबूत ठेवून डीएनए काढता येतो. मऊ भाग विरघळवून द्रव वेगळा करायचा आणि उरलेली रिकामी त्वचा स्लाइडवर चढवायची. हीच पद्धत वापरा. अख्खा प्राणी दळून टाकला तर ते अनुक्रम कुणाचे, हे पुन्हा तपासायला काहीच उरत नाही. अनुक्रम आल्यावर ते खरंच स्प्रिंगटेलचे आहेत ना, हेही जनुकपेढीत, म्हणजे डीएनए अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्यात, ताडून बघा. पोटातलं अन्न, बुरशी, शरीरातले जिवाणू यांचा डीएनएही वाढतो.

स्प्रिंगटेलमध्ये दिसायला सारख्या पण डीएनएत खूप लांब गेलेल्या गटांची उदाहरणं पुष्कळ आहेत. म्हणून 'इतके टक्के फरक म्हणजे नवी जाती' अशी एकच रेघ सगळीकडे ओढता येत नाही. डीएनएत वेगळा दिसलेला गट मी पुन्हा स्लाइडवर नेतो आणि आता कुठे बघायचं हे ठाऊक असल्यामुळे फरक शोधतो. बऱ्याचदा तो मिळतो: एखादा संवेदी रोम, नाहीतर ठिपक्यांची मांडणी. फोल्सोमिया कॅन्डिडासारख्या, नराशिवाय प्रजनन करणाऱ्या जातींत 'आपसांत प्रजनन होतं का' ही कसोटी लागूच पडत नाही. तिथे डीएनए आणि रोम दोन्ही जोडून बघण्याला पर्याय नाही.

वर्णन आणि नाव

प्राण्यांची नावं प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार दिली जातात. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तीनुसार नाव रोमन लिपीत आणि दोन शब्दांचं हवं, ही नवी जाती आहे असं स्पष्ट म्हटलेलं हवं, इतरांपासून तिला वेगळं करणारी लक्षणं शब्दांत लिहिलेली हवीत, होलोटाइप ठरवलेला हवा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार आहे हे सांगितलेलं हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध करणार असाल, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार तो लेख झूबँकमध्ये, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदवून तसा पुरावा लेखातच द्यावा लागतो.

होलोटाइप म्हणजे ज्याच्याशी नाव कायमचं बांधलं जातं तो एकच प्राणी. सगळ्यात पूर्ण, सगळ्यात चांगला चढलेला प्रौढ निवडा. बाकीचे पॅराटाइप. पॅराटाइप दोन-तीन वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटून ठेवा, एका ठिकाणी आग लागली किंवा पाणी शिरलं तरी जाती हातची जाऊ नये. घरच्या कपाटात होलोटाइप ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

लेखाचा साचा ठरलेला असतो. मूळ नमुने, थोडक्यात ओळख, सविस्तर वर्णन, नावाचा अर्थ, अधिवास, आणि जवळच्या जातींशी तुलना. सविस्तर वर्णन डोक्यापासून मागे असं ठरावीक क्रमाने, तुटक वाक्यांत लिहितात. त्यात सौंदर्य शोधू नका, वाचणारा माणूस एका हाताने सूक्ष्मदर्शक फिरवत असतो. 'थोडक्यात ओळख' मात्र सगळ्यात जास्त वेळा लिहून काढा. पन्नास वर्षांनी कुणी फक्त तेवढंच वाचेल आणि त्यावरून ठरवेल.

नावात अर्थ असला तर बरं. फोल्सोमिया क्वाड्रिऑक्युलाटा म्हणजे चार डोळ्यांची, आणि खरोखरच तिला प्रत्येक बाजूला दोन नेत्रिका असतात. विशेषण वापरलं तर ते वंशाच्या लिंगाशी जुळलं पाहिजे. ऑर्केसेला हा वंश स्त्रीलिंगी, म्हणून पट्टा असलेली ती 'सिंक्टा', 'सिंक्टस' नव्हे. या ऑर्केसेला सिंक्टाच्या पुढे लिनिअस, १७५८ हे कंसात लिहितात, कारण लिनिअस यांनी तिला पोड्युरा वंशात ठेवलं होतं आणि नंतर वंश बदलला. कंस नसेल तर वंश मूळचाच आहे असं समजायचं. व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव द्यायचं तर पुरुषासाठी शेवटी 'आय' आणि स्त्रीसाठी 'एई' ही रोमन अक्षरं येतात. स्वतःचं नाव देऊ नये. संहितेत बंदी नाही, पण तसं कुणी करत नाही. ते नाव त्या वंशात आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे ठरवण्याआधीच तपासा.

लेख प्रसिद्ध होईपर्यंत ते नाव कुठेही टाकू नका. फोटोखाली नाही, भाषणाच्या गोषवाऱ्यात नाही. वर्णनाशिवाय आलेल्या नावाला मान्यता नसते, पण ते फिरत राहतं आणि पुढच्या याद्यांमध्ये गोंधळ घालतं. हस्तलिखित पाठवायच्या आधी त्या कुळावर काम केलेल्या एखाद्या जाणकाराला स्लाइड दाखवा. फक्त चित्रं नव्हे, स्लाइड.

प्रसिद्ध झाल्यावर थोडं काम उरतं. होलोटाइपवर लाल चिठ्ठी लावा, पॅराटाइपच्या चिठ्ठ्या बदला, अनुक्रम जनुकपेढीत नव्या नावाने दुरुस्त करा, उसने आणलेले नमुने परत पाठवा. आणि सुरुवातीला 'हीच असेल' म्हणून बाजूला ठेवलेल्या बाटल्या पुन्हा उघडा. आता लक्षणं माहीत झाली आहेत, तेव्हा त्यांतल्या प्रत्येक प्राण्याची ओळख नव्याने पटवावी लागेल.